सवारीने हात उचलला, तर?

नागपूर रेल्वे स्थानकाबाहेर किंवा सोनेगाव विमानतळावर रात्री गाडी लावणाऱ्या टॅक्सीवाल्याला धोका अपघाताचाच, असं आपण धरून चालतो. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने २०१० मध्ये वेगळंच चित्र मांडलं. तिथे टॅक्सीचालकाचा कामावर खून होण्याची शक्यता इतर कामगारांच्या वीसपटींहून जास्त होती. पाठीमागे अनोळखी माणूस, खिशात रोकड, सामसूम रस्ता. ही कारणं नागपुरातही आहेतच.

गैरसमज : टॅक्सीवाल्याला मारलं, तर एसटी चालकाला मारल्यासारखाच गुन्हा लागतो.

वस्तुस्थिती : एसटीचा चालक १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यानुसार लोकसेवक ठरतो, टॅक्सीवाला नाही. टॅक्सीवाल्याला थप्पड मारली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२) लागतं. शिक्षा एक वर्षापर्यंतची, पण गुन्हा अदखलपात्र. ठाण्यात ‘एनसी’ लिहून घेतात आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. हाड मोडलं, शस्त्र वापरलं किंवा मारून पैसे लुटले, तर मात्र गुन्हा दखलपात्र होतो. म्हणून मुका मार समजून घरी जाण्याआधी मेयो किंवा मेडिकल रुग्णालयात तपासणी करून घेतलेली बरी. कलम कोणतं लागेल, हे बऱ्याचदा तपासणीच्या कागदावर ठरतं.

गैरसमज : जिथे घडलं, तिथल्याच ठाण्यात तक्रार द्यावी लागते.

वस्तुस्थिती : समजा, रामटेकच्या भाड्यावर रस्त्यात लुटलं आणि चालक कसाबसा शहरात पोहोचला. दखलपात्र गुन्ह्याची खबर तो सीताबर्डी ठाण्यातही देऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. ऑनलाइन खबर दिली, तर तीन दिवसांत सही करावी लागते.

गैरसमज : पॅनिक बटण फक्त महिला प्रवाशांसाठी असतं.

वस्तुस्थिती : १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या टॅक्सींना हे बटण आणि ठावठिकाणा कळवणारं यंत्र सक्तीचं आहे. रिक्षांना त्यातून सूट आहे. संकटात कोण आहे, याचा भेद नियम करत नाही. शिवाय ११२ सगळ्यांसाठीच आहे.

गैरसमज : सवारीने चालकाचा खून केला, तर विम्याचा संबंध नाही.

वस्तुस्थिती : मार्च १९९५, नागालँडमधलं दिमापूर. अनोळखी सवाऱ्यांनी एक रिक्षा भाड्याने घेतली. दुसऱ्या दिवशी चालकाचा मृतदेह सापडला, रिक्षा कधीच सापडली नाही. विमा कंपनीचं म्हणणं होतं, हा खून आहे, अपघात नव्हे. एप्रिल २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रीता देवी’ खटल्यात ते अमान्य केलं. मूळ हेतू रिक्षा पळवण्याचा होता, त्या ओघात चालक मारला गेला, म्हणून वाहनाच्या वापरातून झालेला हा अपघातच ठरला आणि कुटुंबाचा भरपाईचा हक्क मान्य झाला.

जुन्या वैरातून ठरवून केलेल्या खुनाला हा न्याय लागत नाही. शिवाय दिमापूरचा चालक दुसऱ्याच्या रिक्षावर नोकरीला होता. ज्याची टॅक्सी स्वतःच्याच नावावर आहे, त्याला हा निकाल लागू पडेलच असं नाही; म्हणून त्याने पॉलिसीत मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलं आहे की नाही, हे आजच उघडून पाहावं.