अर्धा मिलिमीटर सागवान

चंद्रपूर-गडचिरोलीत फर्निचर पाहताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: भरीव सागवान आहे का? आलापल्लीचा साग आणि बल्लारशाहच्या आगारात लिलावासाठी रचलेले लठ्ठे पाहत इथली माणसे मोठी होतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान गेले, तेही बल्लारशाहहून. अशा मुलखात विनियर उखडलेले जुने कपाट दिसले की ते नकली ठरवून अडगळीत टाकतात. हा त्या कपाटावर अन्याय आहे.

विनियरही सागच असतो, फक्त पातळ कापून वर चिकटवलेला. सनमायकावर लाकडाच्या रेषा छापलेल्या असतात, विनियरवर त्या झाडाने स्वतः काढलेल्या असतात. पूर्वी करवतीने कापलेला थर मिलिमीटरभर किंवा त्याहून जाड असे. आता यंत्राचे पाते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास थर काढते.

त्याला चंद्रपूरचे हवामान सोसायचे असते. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि लाकूड आकसते. पावसाळ्यात तेच ओल पिऊन फुगते. वरचा थर आणि खालचे लाकूड यांची ओढाताण झाली की कडेला पापुद्रा उठतो, नाहीतर मधोमध फुगा येतो.

दुरुस्तीआधी चिकटवायला काय वापरले होते ते ओळखावे लागते. जुन्या वस्तूंत जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला सरस असतो. ऊब आणि ओल मिळताच तो पुन्हा मऊ होतो. त्यामुळे ओलसर फडक्यावरून कोमट इस्त्री फिरवून वर वजन ठेवले, की पुष्कळदा फुगा बसतो. फेविकॉल १९५९ मध्ये बाजारात आले आणि सरस हळूहळू मागे पडला. फेविकॉलने चिकटवलेल्या विनियरच्या फुग्यावर रेषेच्या दिशेने बारीक चीर देऊन आत ताजा गोंद सारतात आणि वर कागद व फळी ठेवून रात्रभर शिकंजा आवळतात.

तुकडा उडाला असेल, तर मात्र कारागिराची खरी परीक्षा. चौकोनी ठिगळाची आडवी कड लगेच नजरेत भरते, म्हणून ठिगळ होडीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते कापतात. ते खराब जागेवर ठेवून दोन्ही थर एकाच वेळी धारदार पात्याने कापले, की सांधा नेमका जुळतो. विनियर शक्यतो त्याच कपाटाच्या न दिसणाऱ्या बाजूचे घ्यावे. तरीही फसगत होते: तोच तुकडा उलट टोकाने बसवला, तर उजेड वेगळा परततो आणि ठिगळ गडद किंवा फिके दिसते. नवा साग वापरलाच, तर तो आधी उन्हात ठेवून रंग मुरू द्यावा.

शेवटचा हात स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा. तिचा किडा पोसला जातो तो पळस-कुसुमासारख्या झाडांवर.

पॉलिशला कपाट देताना एक गोष्ट आधीच बजावून सांगावी: घासायचे मशीन लावू नका. अर्धा मिलिमीटर काही क्षणांत उडतो आणि खालचा प्लाय उघडा पडतो. बारीक पॉलिश पेपर हातानेच, रेषेच्या दिशेने फिरवायचा आणि कडेपाशी हात आणखी हलका ठेवायचा.