रस्त्यावरची जाळी कुठे उघडते?

श्रूजबरीत नवीन घर घेतलेली मराठी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात, 'लॉनला खत कुठलं टाकता?' माझं उत्तर ठरलेलं. पिशवीवर तीन आकडे असतात, मधला शून्य असेल ती उचला. मधला आकडा फॉस्फरसचा. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१५ पासून नियमच आहे: लॉन नवीन नसेल आणि माती तपासणीत कमतरता दिसली नसेल, तर फॉस्फरसचं खत टाकायचं नाही.

हे सगळं तळ्यासाठी. श्रूजबरी आणि वूस्टरच्या मध्ये लेक क्विन्सिगामंड पसरलाय, जवळपास चार मैल लांब. मे महिन्यात इथे कॉलेजांच्या होड्यांच्या शर्यती होतात, उन्हाळ्यात पोरं डुंबतात. आपल्या बाथरूमचं पाणी वेस्टबरोच्या केंद्रात जातं आणि शुद्ध होऊन असाबेट नदीत सोडलं जातं. रस्त्याकडेच्या जाळीत पडणाऱ्या पाण्याच्या नशिबी हे नाही. तळ्याकाठच्या वस्तीत ते पाइपमधून थेट तळ्यात. सोबत खत, गाडीचं तेल, कुत्र्याची घाण, कुजलेली पानं. पहिल्या सरीचं पाणी सगळ्यात घाण. फॉस्फरस मिळाला की शेवाळ माजतं, आणि निळं-हिरवं शेवाळ विषारी निघालं तर पोहणं बंद.

हे आजचं नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९७८ ते १९८३ मध्ये २८ ठिकाणी शहरातल्या पावसाच्या पाण्याचा अभ्यास केला, त्यात हे तळंही होतं. देशभरच्या त्या पाण्यात शिसं, तांबं, जस्त सर्रास सापडलं.

मी कोल्हापूरचा. रंकाळ्यात नाल्यांचं सांडपाणी मिसळून पाणी हिरवंगार झालेलं आम्ही पाहिलंय. तिथे निदान नाल्याकडे बोट दाखवता येतं! इथे प्रत्येकाचा ड्राइव्ह-वे हाच नाला, म्हणून कुणालाच तो दिसत नाही.

उपाय साधे आहेत. जाळीखाली गाळ बसायला खड्डा असतो. २०१८ पासून लागू असलेल्या परवान्यानुसार तो अर्ध्याहून जास्त भरू न देणं गावांची जबाबदारी. रस्ते झाडणं आलंच. मला सगळ्यात पटतो तो 'रेन गार्डन', म्हणजे रस्त्यालगतचा खोलगट वाफा. पाणी त्यात थांबतं, जिरतं, गाळ आणि बराचसा फॉस्फरस मातीत अडकतो. हिवाळ्यातलं मीठ मात्र माती अडवत नाही. विरघळलेलं मीठ सरळ पुढे जातं, त्यामुळे ते मोजूनमापून टाकणं एवढंच हाती.

भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-बाबांना एक सांगून ठेवा. फरशी पुसलेली बादली जाळीत ओतू नका, ते आपल्याकडचं गटार नव्हे. टॉयलेटमध्ये ओता. आणि बाबांना सकाळी फिरताना काहीतरी काम हवंच असतं. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या हाती खराटा द्या, जाळीवरची पानं पिशवीत भरायला. आमच्या गल्लीतले दोन आजोबा हे आनंदाने करतात, आणि त्यावर तासभर गप्पाही मारतात.