पक्षाघाताचा वारसा: काही समज आणि त्यांची तपासणी

आजोबांच्या अंगावरून वारे गेलेले असावे, पुढे वडिलांनाही साठीच्या आत लकव्याने अंथरुणाला खिळवावे, आणि मग चाळिशीतल्या मुलाने ‘आमच्या घराण्यातच आहे ते, चुकायचे कसे?’ असे म्हणून रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट फडताळात तसेच पडू द्यावे, हा प्रकार आपल्याकडे इतक्या घरांतून घडतो की, त्यामागच्या समजुतीची शास्त्राच्या आधारे तपासणी करणे मला अत्यंत अगत्याचे वाटते. समजूत सर्वस्वी निराधार असती तर तिचा निकाल एका वाक्यात लावता आला असता. परंतु तिच्यात सत्याचा अंश आहे, आणि त्या अंशालाच पूर्ण सत्य मानल्यामुळे अनर्थ ओढवतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावच्या रहिवाशांच्या प्रकृतीचे दफ्तर १९४८ पासून ठेवले जात असून पुढे त्यांच्या मुलानातवंडांचीही त्यात भर पडली. त्या दफ्तराच्या आधारे २०१० साली निष्कर्ष निघाला तो असा की, आई किंवा वडील यांपैकी कोणालाही वयाच्या पासष्टीच्या आत पक्षाघात झाला असेल, तर अपत्यांना असलेला धोका सुमारे तिप्पट होतो. वारसा आहे, याविषयी शंका उरत नाही. मात्र तो वारसा कशाचा, हे पाहू गेल्यास ‘पक्षाघाताचे जनुक’ म्हणून एखादे एकच जनुक बहुसंख्य रुग्णांत सापडत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, एक लाखाहून अधिक रुग्णांचा समावेश असलेल्या जागतिक अभ्यासात जनुकसंचातील तब्बल ८९ ठिकाणांचा पक्षाघाताशी संबंध आढळला. पण प्रत्येक ठिकाणाचा परिणाम अल्प, आणि त्यांतील कित्येकांचा संबंध रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता किंवा रक्त गोठण्याची क्रिया यांच्याशी. वडिलांकडून मुलाकडे येतो तो पुष्कळदा वाढत्या रक्तदाबाचा कल, आणि रक्तदाब तर दंडाला पट्टा बांधून पाच मिनिटांत मोजता येतो व औषधाने आवरता येतो.

जनुके बलवत्तर की आचरण, या जुन्या वादावर ब्रिटनमधील तीन लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीने २०१८ साली चांगला प्रकाश टाकला. जनुकीय धोका अधिक असणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण कमी धोक्याच्या गटापेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त, तर धूम्रपान, स्थूलता, निकृष्ट आहार व व्यायामाचा अभाव यांनी बिघडलेल्या आचरणाच्या लोकांत ते सदाचरणी गटापेक्षा ६६ टक्क्यांनी जास्त आढळले.

यावर कोणी म्हणेल की, काही घराण्यांत एकच जनुक घातक ठरते, त्यांचे काय? अशी घराणी आहेत. कॅडासिल नावाच्या आजारात एकोणिसाव्या गुणसूत्रावरील नॉच-३ हे जनुक बिघडलेले असते (ते पॅरिसच्या संशोधकांनी १९९६ साली शोधून काढले), आणि अर्धशिशी, मग चाळिशी-पन्नाशीत लहान लहान आघात व अखेर स्मृतिभ्रंश अशी त्याची वाटचाल होते. प्रत्येक अपत्याकडे ते जाण्याचा संभव निम्मा. आइसलंडमधल्या काही कुटुंबांत सिस्टॅटिन-सी या प्रथिनाच्या जनुकात असाच एक पालट चालत आलेला असून त्याने मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती ठिसूळ होऊन फुटतात, आणि धडधाकट माणसे तिशीच्या सुमारास रक्तस्रावाने दगावतात. आर्नी आर्नासन या वैद्याने १९३५ साली या घराण्यांची हकिकत लिहून ठेवली होती. पुढे संशोधकांनी दोन शतकांच्या वंशावळी चाळल्या, तेव्हा विलक्षण गोष्ट बाहेर आली: १८२५ च्या सुमारास जन्मलेले या जनुकाचे वाहक साठीपर्यंत जगत होते, आणि १९०० च्या सुमारास जन्मलेल्यांचे सरासरी आयुर्मान तीस वर्षांवर घसरले होते. जनुक तेच, घराणी तीच, मुलूख तोच. बदलले होते ते खाणेपिणे. सुकवलेली मासळी आणि आंबवलेल्या ताकपाण्यात टिकवलेले मांस मागे पडून परदेशातून येणारे धान्य, साखर व मीठ ताटात आल्याचा हा परिणाम असावा, असा संशोधकांचा कयास आहे. कयास पुढेमागे बदलेलही. परंतु ज्याला अटळ म्हणावे अशा वारशाचेही आयुष्यावरचे वजन परिस्थितीनुसार इतके कमीअधिक होते, ही नोंद मला या संपूर्ण विषयातील सर्वांत मोलाची वाटते.

उलट बाजूचा समजही तितकाच घातक. ‘आमच्याकडे कोणालाच नाही’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्याने ध्यानात घ्यावे की, भारतासह अनेक देशांत झालेल्या अभ्यासानुसार पक्षाघाताच्या सुमारे ९० टक्के भाराचा खुलासा दहा आटोक्यात आणण्याजोग्या कारणांनी होतो, आणि त्यांत रक्तदाब अग्रभागी आहे. शिवाय ‘कोणालाच’ या शब्दात आपण कोणाला धरतो? डॉक्टरांनी विचारल्यावर बहुतेक जण आजोबा, वडील, काका इतक्यांची नावे घेऊन थांबतात. आई, मामा, मावशी, आजोळची माणसे यांची कैफियत सांगायची राहूनच जाते. वस्तुतः जनुकांचा निम्मा हिस्सा आईकडचा. म्हणून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या हयातीतच विचारून ठेवावे: आघात कोणत्या वयात झाला, गुठळीने की रक्तस्रावाने, आणि त्यापूर्वी रक्तदाब वाढलेला होता काय. ऐंशीव्या वर्षीच्या आघाताचा अर्थ वेगळा आणि चाळिसाव्या वर्षीच्या आघाताचा वेगळा.

राहिला हा म्हातारपणाचाच आजार असल्याचा समज, आणि येथे विदर्भ व नंदुरबारकडील आदिवासी मुलूख यांचा उल्लेख केल्याविना पुढे जाता येत नाही. त्या भागांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे जनुक पुष्कळ कुटुंबांत आहे. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य रुग्ण होण्याचा संभव चारांत एक असतो, आणि अशा रुग्ण बालकाच्या मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्या अरुंद होत जाऊन त्याला शाळकरी वयातच पक्षाघात होऊ शकतो. हा धोका आधी ओळखता येतो. कानशिलावरच्या पातळ हाडावर ध्वनिलहरींचा लहानसा शोधक टेकवून रक्ताचा वेग मोजतात. सुई नाही, वेदना नाही. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक भरला तर मूल धोक्यात आहे असे समजतात. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास पहिला आघात नव्वद टक्क्यांहून अधिक प्रमाणात टळतो, हे अमेरिकेतील चाचणीने १९९८ सालीच सिद्ध केले. जेथे वारंवार रक्त देणे दुष्कर असते तेथे हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांचाही उपयोग होतो. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेत रक्ततपासणी होत आहे. ज्या मुलाला तीत रुग्ण ठरवले जाते, त्याच्या कानशिलाची ही तपासणी त्याच जिल्ह्यात, दर वर्षी, विनामूल्य व्हावी अशी मागणी आईबापांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात निःसंकोच करावी.