क्लब कोणाचा: मालकांचा की पाठीराख्यांचा?

१८ एप्रिल २०२१ रोजी, रविवारी रात्री, युरोपातील बारा धनाढ्य फुटबॉल क्लबांनी ‘युरोपियन सुपर लीग’ या स्वतंत्र साखळी स्पर्धेची घोषणा केली. मंगळवारी रात्री त्यांपैकी सहा इंग्लिश क्लब एकामागून एक माघार घेऊ लागले आणि बुधवार उजाडेपर्यंत ती योजना जवळजवळ निकालात निघाली. अब्जावधी युरोंचे पाठबळ लाभलेल्या उद्योगाचा जन्म आणि अंत तीन दिवसांत आटोपावा, हे दृश्य विलक्षण होते. ब्रिटिश सरकारने कायदा करण्याचा इशारा दिला होता आणि युरोपीय फुटबॉलची नियामक संस्था असलेल्या युएफाने बंदीची धमकी दिली होती, हे खरे. परंतु मालकांना नमते घ्यावयास लावण्यात पाठीराख्यांच्या संतापाचा वाटा मोठा होता. ज्यांच्या नावावर क्लबाचा एकही शेअर नाही, अशा माणसांनी मालकांचा निर्णय फिरवला. हा केवळ भावनेचा उद्रेक होता, की त्यामागे काही सुसंगत विचार होता, याचा शोध घेणे अर्थशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक ठरेल.

प्रथम योजनेचे स्वरूप पाहू. इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड, मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल, आर्सेनल, चेल्सी व टॉटनहॅम हॉटस्पर. स्पेनमधील रेआल माद्रिद, बार्सिलोना व ॲटलेटिको माद्रिद. आणि इटलीतील युव्हेंटस, मिलान व इंटर मिलान हे बारा क्लब तिचे प्रवर्तक होते. स्पर्धेत एकूण वीस संघ खेळावयाचे होते. त्यांपैकी पंधरा ‘संस्थापक’ म्हणून कायमचे राहणार आणि उरलेल्या पाच जागा दरवर्षी कामगिरीच्या जोरावर इतरांना मिळणार, अशी व्यवस्था होती. संस्थापकांना आरंभीच साडेतीन अब्ज युरो मिळावयाचे होते आणि त्यासाठी जे. पी. मॉर्गन या अमेरिकन बँकेने अर्थसाहाय्याची तयारी दाखविली होती.

प्रवर्तकांची बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणता येत नाही. कोरोनाच्या साथीमुळे मैदाने ओस पडली होती, तिकिटांचे उत्पन्न बुडाले होते आणि खेळाडूंचे पगार मात्र चालूच होते. योजनेचे अध्यक्ष व रेआल माद्रिदचे प्रमुख फ्लोरेंतिनो पेरेझ यांचा युक्तिवाद असा होता की, तरुण पिढीचा फुटबॉलमधील रस कमी होत आहे. तिला बड्या संघांच्या लढती वारंवार दाखवाव्यात, त्यातून पैसा वाढेल आणि तो खालच्या क्लबांपर्यंतही पोचेल. त्यासाठी दहा अब्ज युरोंहून अधिक रकमेचे आश्वासनही देण्यात आले होते. असे असता पाठीराख्यांनी ही योजना का झिडकारली?

कायमच्या जागांचा प्रश्न

पाठीराख्यांचा मुख्य आक्षेप त्या पंधरा कायमच्या जागांवर होता. इंग्लंडमध्ये १८८८ साली फुटबॉल लीगची स्थापना झाली. पुढे एकाखाली एक श्रेणी निर्माण होत गेल्या, आणि तळाच्या संघाने खाली उतरावे व खालच्या विजेत्याने वर चढावे, हा तेथील फुटबॉलचा अलिखित सामाजिक करार होऊन बसला. नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा संघ १९७७ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर आला, १९७८ मध्ये इंग्लंडचा विजेता झाला आणि १९७९ व १९८० अशी सलग दोन वर्षे त्याने युरोपियन कप जिंकला. लेस्टर सिटी २००८-०९ च्या हंगामात तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. २०१५-१६ मध्ये तो प्रीमियर लीगचा विजेता ठरला. त्या हंगामाच्या आरंभी पैज घेणाऱ्यांनी त्याच्या विजयाला पाच हजारास एक असा भाव दिला होता. अशा घटना क्वचितच घडतात. परंतु त्या घडू शकतात, या एका शक्यतेवर शेकडो लहान गावांतील मैदाने दर शनिवारी जागी असतात.

‘संस्थापक’ या पदवीला कर्तृत्वाचा आधार होता काय, हेही तपासून पाहण्यासारखे आहे. आर्सेनल, टॉटनहॅम, मँचेस्टर सिटी आणि ॲटलेटिको माद्रिद यांपैकी एकानेही तोपर्यंत युरोपचे विजेतेपद मिळविलेले नव्हते. उलटपक्षी, चार वेळा ते जिंकणारा आयॅक्स, दोनदा जिंकणारे बेनफिका व पोर्तो आणि स्वतः फॉरेस्ट हे त्या बारांत नव्हते. ज्या हंगामात ही घोषणा झाली, त्या हंगामाच्या अखेरीस इंग्लंडच्या गुणतालिकेत टॉटनहॅम सातवा व आर्सेनल आठवा होता. म्हणजे संस्थापकपदाचा निकष खेळ नसून बाजारपेठ हा होता, हे पाठीराख्यांनी अचूक ओळखले. आर्सेनलच्या पाठीराख्यांनीही त्या कायमच्या जागेचा स्वीकार करू नये, ही गोष्ट लक्षणीय आहे. जे आपण मिळविलेले नाही ते घेऊ नये, एवढी साधी नीती त्यामागे होती.

या नीतीला अर्थशास्त्राचाही आधार आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये व्यावसायिक खेळांच्या अर्थव्यवहाराचे एक वैशिष्ट्य दाखवून दिले. साबणाच्या कारखानदाराला प्रतिस्पर्धी नष्ट झाल्यास आनंदच होतो. पण मुष्टियोद्धा ज्यो लुई याला तुल्यबळ प्रतिस्पर्धी नसेल, तर त्याचे उत्पन्नच खुंटते. खेळातील ‘माल’ दोन प्रतिस्पर्धी मिळून तयार करतात, आणि निकालाची अनिश्चितता हाच त्या मालाचा प्राण असतो. ज्याला खाली घसरण्याची भीती नाही, त्याच्या मधल्या आणि शेवटच्या स्थानांत फरक तो काय उरतो? कर्ज देणाऱ्या बँकेला स्थिर उत्पन्न हवे असते, हे समजण्यासारखे आहे. परंतु जो धोका बँकेला नको, त्यासाठीच प्रेक्षक तिकीट काढतो.

बंदिस्त साखळी ही अमेरिकेची परंपरा आहे, आणि लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड व आर्सेनल या तिन्ही क्लबांच्या अमेरिकन मालकांचा तिकडच्या बेसबॉल वा अमेरिकन फुटबॉलमधील संघांशी संबंध आहे, हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. मात्र तेथे तळाच्या संघाला नव्या खेळाडूंची निवड आधी करू देणे, उत्पन्नाची वाटणी करणे, अशा तजविजी असतात. सुपर लीगमध्ये दाराबाहेर राहिलेल्या शेकडो क्लबांना मिळावयाचे होते ते अनुदान. त्यांची मागणी होती प्रवेशाच्या हक्काची, आणि हक्काची भरपाई अनुदानाने होत नाही.

ग्राहक, पण बांधलेला

अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, एखाद्या संस्थेचा दर्जा घसरला तर असंतुष्ट माणसापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठविणे, आणि निष्ठा जितकी दृढ, तितका पहिला मार्ग अवघड. फुटबॉलचा पाठीराखा हे याचे सर्वोत्तम उदाहरण होय. तिकीट महागले म्हणून लिव्हरपूलचा माणूस एव्हर्टनकडे जात नाही. त्याची मागणी अलवचीक असते, आणि तिचा फायदा घेणे मालकाला सहज शक्य असते. म्हणून आवाज हेच त्याचे एकमेव हत्यार उरते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पौंडांच्या नियोजित तिकिटाविरुद्ध लिव्हरपूलचे हजारो प्रेक्षक सामन्याच्या सत्त्याहत्तराव्या मिनिटाला मैदान सोडून गेले, आणि थोड्याच दिवसांत मालकांनी क्षमा मागून ती दरवाढ रद्द केली.

२०२१ च्या एप्रिलमध्ये हाच आवाज सर्वत्र उमटला. ॲनफील्डच्या ‘कॉप’ या सुप्रसिद्ध बाजूवरील आपले ध्वज पाठीराख्यांच्या गटांनी काढून घेण्याचे ठरविले. चेल्सीच्या मैदानाबाहेर जमलेल्या जमावाची समजूत घालण्यासाठी क्लबाचे जुने गोलरक्षक पेत्र चेक यांना स्वतः रस्त्यावर यावे लागले. २ मे रोजी मँचेस्टर युनायटेडचे पाठीराखे ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. त्या दिवशी झालेली हुल्लड समर्थनीय नव्हती; तथापि तिच्या मुळाशी २००५ पासूनचे शल्य होते. ग्लेझर कुटुंबाने त्या वर्षी कर्ज काढून क्लब विकत घेतला आणि त्या कर्जाचा मोठा बोजा क्लबावरच टाकला. तेव्हा काही पाठीराख्यांनी दुःखाने बाहेर पडून ‘एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा स्वतःचा क्लब काढला. त्याआधी २००२ मध्ये विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलविण्यास परवानगी मिळाली, तेव्हा तेथील लोकांनी ए. एफ. सी. विम्बल्डन स्थापून तळापासून प्रारंभ केला आणि २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पुन्हा स्थान मिळविले. चढण्याची शिडी शाबूत होती, म्हणूनच हे घडू शकले.

सभासदांची मालकी हा यावर उपाय आहे काय? जर्मनीत काही अपवाद वगळता क्लबाच्या सभासदांकडे निम्म्याहून अधिक मते असलीच पाहिजेत, असा नियम आहे. बायर्न म्युनिक व बोरुसिया डॉर्टमुंड यांनी सुपर लीगपासून दूर राहणे पसंत केले, त्यामागे हेही एक कारण असावे. परंतु येथे घाईने निष्कर्ष काढू नये. योजनेचे सर्वांत हट्टी पुरस्कर्ते ठरलेले रेआल माद्रिद व बार्सिलोना हे दोन्ही क्लब सभासदांच्याच मालकीचे आहेत! तेथे अध्यक्ष निवडून यावयाचा तर नामांकित खेळाडू आणण्याचे वचन द्यावे लागते, आणि वचन पाळावयाचे तर पैसा हवा. शिवाय सभासदांच्या मालकीने स्पर्धा चुरशीची होतेच असे नाही. बायर्नने २०१३ ते २०२३ या काळात सलग अकरा वेळा जर्मनीचे विजेतेपद पटकावले.

पाठीराख्यांची विसंगती

पाठीराख्यांनीही थोडे आत्मपरीक्षण करावे, हे येथे सांगितले पाहिजे. आज ज्या प्रीमियर लीगच्या रक्षणार्थ ते उभे राहिले, ती स्वतःच १९९२ मध्ये पहिल्या श्रेणीतील बावीस क्लबांनी फुटून काढलेली स्पर्धा आहे. दूरचित्रवाणीच्या हक्कांपोटी पाच वर्षांचे ३० कोटी ४० लाख पौंड आपसांत वाटून घेणे, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. त्याहीपूर्वी, १९८३ मध्ये, पाहुण्या संघाला तिकिटाच्या उत्पन्नाचा हिस्सा देण्याची लीगमधील जुनी प्रथा बड्या क्लबांनी मोडून काढली. विषमतेची ही वाट टप्प्याटप्प्याने तयार झाली, आणि प्रत्येक टप्प्यावर आपल्या संघाने महागडे खेळाडू घ्यावेत, असा धोशा पाठीराख्यांनीच लावला होता.

आणखी एक प्रश्न दूरच्या पाठीराख्यांचा. मुंबई-पुण्यात रात्र जागवून दूरचित्रवाणीवर लिव्हरपूल वा बार्सिलोनाचा खेळ पाहणारे हजारो तरुण आहेत. मैदानातील जुन्या प्रेक्षकापेक्षा या नव्या प्रेक्षकाकडे प्रवर्तकांचा डोळा होता. त्याला दर आठवड्याला बडी लढत हवीच असेल, असे गृहीत धरले गेले. परंतु साथीच्या वर्षात रिकाम्या मैदानांवरील सामने ज्यांनी पाहिले, त्यांना त्या प्रक्षेपणातील प्राण कोठे गेला हे सांगावे लागले नाही. दूरच्या प्रेक्षकाला विकली जाणारी वस्तू जवळच्या प्रेक्षकाच्या कंठातून निर्माण होते. बंद दाराचा अनुभव तर गोव्याला प्रत्यक्षच आहे. इंडियन सुपर लीगला अग्रस्थान देऊन आय-लीगला खाली ढकलणाऱ्या आराखड्याच्या निषेधार्थ साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा व डेम्पो या क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. त्यांपैकी डेम्पोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. मैदानावर कमावलेली जागा कागदावर गेली.

२०२१ चा विजय अंतिम मानणे मात्र भाबडेपणाचे होईल. २१ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, नव्या स्पर्धांना परवानगी देण्या-नाकारण्याचे फिफा व युएफाचे नियम, पारदर्शक निकषांअभावी, स्पर्धाविषयक कायद्याशी विसंगत होते. सुपर लीगला त्यामुळे मान्यता मिळाली असे नव्हे. पण युएफाच्या मक्तेदारीवर बोट ठेवले गेले, आणि तेही गैर नव्हते. त्याच दिवशी प्रवर्तकांनी चौसष्ट क्लबांची नवी योजना मांडली. तीत कायमच्या जागा वगळण्यात आल्या होत्या. पाठीराख्यांच्या युक्तिवादाला मिळालेली ही सर्वांत मोठी पावती होय. दुसरीकडे युएफाने २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगमध्ये ३६ संघ घेऊन सामने वाढविले, आणि वाढत्या उत्पन्नाचा मोठा वाटा त्याच बड्या क्लबांच्या पदरी पडतो. जे एका रात्रीत साधले नाही, ते हप्त्याहप्त्याने साधू शकते.

या दृष्टीने ब्रिटनचा २०२५ चा फुटबॉल प्रशासन कायदा महत्त्वाचा आहे. त्याने स्वतंत्र नियामक नेमला, फुटीर स्पर्धांत सहभागी होण्यास मज्जाव करण्याचा अधिकार त्याला दिला आणि महत्त्वाच्या बाबींत पाठीराख्यांशी विचारविनिमय करण्याचे बंधन क्लबांवर घातले. रस्त्यावरचा आवाज तीन दिवस टिकतो. कायद्यातला आवाज टिकण्याचा संभव अधिक. तो कितपत ऐकला जातो, हे पुढील दरवाढीच्या वा मालकी बदलण्याच्या वेळी दिसेल. क्लब मालकाच्या हिशेबवहीत मालमत्ता असतो, हे नाकारता येत नाही. पण त्या मालमत्तेचे मोल ज्यांच्या निष्ठेने वाढते, त्यांना तिच्या भवितव्याविषयी विचारलेही जाऊ नये, हा व्यवहार न्यायाचा नाही. आणि निष्ठा एकदा आटली की मालमत्ताही उरत नाही, म्हणून तो शहाणपणाचाही नाही.