ढोरवाटेवरच्या दोन सायकली

पौडच्या बाजारपेठेत, रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली बसलेल्या साठीतल्या मिस्त्रींनी सायकलचं पुढचं चाक बोटाने एकदा फिरवलं आणि डोळे बारीक केले. चाक फिरत होतं, ते रिमच्या कडेकडे पाहत होते. "आऊट आलाय," ते म्हणाले. "किती?" "सूतभर." ज्या सायकलीबद्दल हे चाललं होतं तिची किंमत नव्या कोऱ्या दुचाकीच्या तोडीची. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे सस्पेन्शन, मागे बारा दातेरी चक्रांची माळ. पण पुण्याहून गाडीच्या पाठीवर बांधून आणताना स्पोकला धक्का बसला होता आणि तो निस्तरायला उपयोगी पडली ती इंचाचा आठवा भाग 'सूत' म्हणून मोजणारी नजर, आणि मिस्त्रींच्या खिशातली निपल फिरवायची छोटी चावी.

दोन मित्र निघाले होते मुळशीच्या पश्चिम कड्याकडे. एक पन्नाशीतला शिक्षक, तेवीस वर्षं जुनी सायकल जपणारा. दुसरा त्याचा कॉलेजातला सोबती, आता संगणकाच्या धंद्यात, दरवर्षी नवा सुटा भाग विकत घेणारा. आऊट आला होता अर्थातच दुसऱ्याच्या चाकाला. पहिल्याच्या चेहऱ्यावरचं समाधान लपत नव्हतं.

'उंचावरची सायकलवाट' म्हटलं की मराठी माणूस मनालीहून लेहला पोचतो. खारदुंग ला 5,359 मीटरवर आहे. मुळशीतली पिंप्री, भांबर्डे, तैलबैला ही गावं त्यापुढे जिन्याच्या पायऱ्या वाटावीत. सहाशे-सातशे मीटर, फार तर तैलबैल्याच्या कातळभिंतींचा माथा हजाराच्या आसपास. तरीही पिंप्रीच्या पुढे सायकल थांबवून दोन पावलं टाकली की पोटात गोळा येतो, कारण इथे उंची समुद्रापासून मोजायची नसते. समोर जमीन संपते आणि कुंडलिकेची दरी सुमारे पाचशे मीटर खाली उतरते. दरीच्या तोंडाशी भिरा. मार्च 2017 मध्ये याच भिऱ्याला 46.5 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तापमापकावरच संशय यावा असा आकडा. आणि इथे वर डिसेंबरात सकाळी नऊला दोघांच्या अंगातले स्वेटर निघत नव्हते.

मुळशीचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर. 16 एप्रिल 1921, रामनवमी. टाटा कंपनीच्या धरणात शेतं जाणार म्हणून मावळ्यांनी 'जान किंवा जमीन' म्हणत सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट ही त्यातली नावं. बापटांना 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. लढा हरला, धरण झालं, आंबेमोहराची खाचरं पाण्याखाली गेली. पूर्वेला वाहणाऱ्या मुळेचं पाणी डोंगरातून पश्चिमेला वळवून भिऱ्याच्या वीजघरात पाडलं गेलं, वीज मुंबईला गेली. तेच पाणी पुढे कुंडलिकेत सुटतं आणि कोलाडला पर्यटक त्यावर रबरी होड्यांतून आरडाओरडा करत जातात. मुळशीच्या बुडालेल्या भातशेतीवरून हे पाणी आलं आहे हे होडीत बसताना कुणी सांगत नाही. सांगावं तरी कशाला, हेल्मेटचा पट्टा आवळण्याची घाई असते.

सायकलवाल्यांच्या कामाचा इतिहास मात्र वेगळा आहे आणि तो पुस्तकात कमी सापडतो. धरणाच्या पाण्याने खोऱ्याचा मधला भाग अडवला, तसे अलीकडच्या-पलीकडच्या गावांचे जुने रस्ते तुटले. वस्त्या वर सरकल्या. डांबर यायला कित्येक दशकं लागली. तोवर माणसं, गुरं, भाताची पोती, मिठाच्या गोण्या या सगळ्यांनी डोंगराच्या कडेकडेने वाटा मळल्या. काही त्याहून कितीतरी जुन्या. तैलबैल्याजवळून कोकणात उतरणारे वाघजाई घाट आणि सवाष्णी घाट पाहावेत. वाघजाई घाटाच्या अंगाला ठाणाळ्याची बौद्ध लेणी आहेत. लेणी आहेत म्हणजे वाटेवरून दोन हजार वर्षांपूर्वीही व्यापारी जात असणार, भिक्षूंना भिक्षा घालणारं कुणीतरी येत-जात असणार. शहरातला सायकलस्वार ज्याला 'सिंगल ट्रॅक' म्हणतो, एका चाकाची रुंदी, बाजूला गवत, मधे उघडा मुरूम, त्याला गुराखी ढोरवाट म्हणतो. चाकाला जी वळणं इतकी आवडतात ती कुणी आखलेली नाहीत. भरल्या पोटाची म्हैस चढ कसा टाळते, त्यातून ती आली आहेत.

पिंप्रीहून अंधारबनाकडे जाणारी वाट दोघांनी बाहेरूनच पाहिली. ताम्हिणीचं जंगल 2013 पासून अभयारण्य आहे. शेकरूच्या राज्यात चाकं घालायची नाहीत, हे शिक्षकाने मित्राला मोठ्या आवाजात बजावलं, जणू त्याच्या वर्गातला तो मागच्या बाकावरचा मुलगा. तिथून भांबर्ड्याकडे वळल्यावर थोडं डांबर, थोडी बैलगाडीची चाकोरी, मग गवताळ सडा. सड्यावर सायकल पळते तेव्हा टायरखालचा आवाज बदलत जातो. कातळावर टणक, मुरमावर चुरचुरणारा, वाळल्या गवतावर जवळजवळ नाहीच. उतारावर कारवीचं रान सुरू झालं की हाल. सात वर्षांनी एकदा फुलणारी ही कारवी वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात सुंदर दिसते. प्रत्यक्षात तिची वाळकी काठी मागच्या चाकात घुसते आणि गिअरचा हात मोडून ठेवते. मित्राच्या गिअरचा हात थोडक्यात वाचला. पुढच्या ओढ्याच्या धोंड्यांत दोघांनी सायकली खांद्यावर घेतल्या. घनगडाच्या पायथ्याला एकोल्यात गुरांमागून येणाऱ्या एका आजींनी विचारलं, "गाडी तुमाला नेतीया का तुमी गाडीला?"

डोंगरी सायकलिंगच्या या खेळाचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायसच्या उतारावर झाला असं मानतात. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही मंडळी जाड टायरांच्या जुन्या सायकली डोंगरावर ढकलत नेत आणि खाली सोडत. 1976 मध्ये त्यांनी शर्यती सुरू केल्या. सायकलींना ब्रेक चाकाच्या हबमध्ये असे. एका उतरणीत तो एवढा तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे. मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे. म्हणून त्या उताराचं नावच पडलं 'रीपॅक'. वीस वर्षांत, 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये, हा खेळ पदकांपर्यंत पोचला.

ही गोष्ट पौडच्या मिस्त्रींना सांगितली तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. "ते तर ओव्हरहॉलिंग," ते म्हणाले. दर पावसाळ्यानंतर हब उघडायचा, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, कप-कोन पाहायचा, नवं ग्रीस भरायचं. यात अमेरिकेचं काय? त्यांची सुरुवात तासावारी भाड्याच्या सायकलींनी झाली. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं आणि त्याची सावली पौडपर्यंत पडत असे. वहीत नाव, वेळ, सायकलचा नंबर. शाळेची मुलं अर्ध्या तासासाठी भांडत. भाड्याच्या सायकलींची रांग कधीच मोडीत गेली. आता दिवसभर स्कूटरची पंक्चरं आणि शनिवार-रविवारी शहरातून येणारे हेल्मेटवाले. ट्यूबलेस टायरमध्ये घालायच्या पांढऱ्या द्रवाला ते सरळ 'दूध' म्हणतात. त्याच्याविषयी त्यांची तक्रार आहे: भोक कुठे पडलं ते घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडा आल्याशिवाय कळणारच कसं? आपोआप बुजलेल्या भोकावर त्यांचा विश्वास नाही.

आऊट काढताना ते बोलत नव्हते. चाक उलट्या सायकलवर, ब्रेकच्या जागी खडूचा तुकडा धरलेला. जिथे रिम खडूला घासते तिथे पांढरी रेघ उमटते. तिथला एक स्पोक पाव फेरा सैल, समोरचा पाव फेरा घट्ट. पुन्हा फिरवायचं. पाऊण तास हे चाललं. संगणकवाल्याने मोबाइल काढून चित्रण करायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी हाताने खूण करून त्याला उजेडातून बाजूला सरकायला सांगितलं.

ताम्हिणीचा पाऊस हा आता बातमीचा विषय झाला आहे. जुलै 2024 च्या एका दिवसात इथे 556 मिलिमीटर पडला. त्या पावसासाठी येणाऱ्यांनी घाटातल्या जागांना नवी नावंही दिली आहेत: प्लस व्हॅली, इंडिपेन्डन्स पॉइंट, मिल्कीबार. विंझाईच्या देवळाची ही भूमी. धबधब्याला चॉकलेटचं नाव लागल्यावर देवी काय म्हणाली असेल कोण जाणे. नावांचं एक वेळ सोडू. खरी अडचण काटेरी तारेची आहे. जमिनीचे व्यवहार आणि त्यातून उद्ध्वस्त होणारी घरं 2018 साली प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न'ने पडद्यावर आणली. पण विकलेल्या जमिनीवरून पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्या वाटेचं काय होतं, हे पाहायला सायकलच हवी. सड्यावरून सुसाट आलेली वाट एकाएकी सिमेंटच्या खांबांपाशी थांबते. पलीकडे हिरवळ, झोपाळा, 'प्रवेश निषिद्ध'. गवतात वाट तशीच पुढे गेलेली दिसते, फक्त आता ती कुणाच्या तरी फार्महाउसच्या अंगणातून जाते. त्या दिवशी असं तीनदा झालं. दोनदा वळसा सापडला. तिसऱ्यांदा अर्धा तास उलटा चढ.

या जिल्ह्यात सायकलीचं कौतुक नाही असं नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायची जुनी रीत आहे, आणि पुणे ग्रँड टूर या आंतरराष्ट्रीय शर्यतीचा एक टप्पा मुळशी-मावळातून आखला गेला. पण ते सगळं डांबरावरचं. ढोरवाटेला ना ठेकेदार, ना उद्घाटन.

दुपारी तैलबैल्यात पिठलं-भाकरी झाली. दोन्ही भिंतींची सावली गावाकडे सरकू लागल्यावर दोघे डांबरी रस्त्याने पिंप्रीला परतले, सायकली गाडीला बांधल्या आणि अंधार पडताना पुन्हा पौडला थांबले. मिस्त्री शेड बंद करत होते. त्यांनी आधी चाक फिरवून पाहिलं, मग माणसांची विचारपूस केली. तिसऱ्या कुंपणाची हकिगत ऐकून ते उकिडवे बसले आणि एका तुटक्या स्पोकने मातीत रेघा ओढू लागले. लहानपणी बापाबरोबर त्या बाजूला बैल आणायला ते पायी जात. हा ओढा, हे उंबराचं झाड, तिथून डावीकडे, देवीच्या दगडाला वळसा. कुंपणवाल्याला ती वाट ठाऊक नसणार, कारण ती त्याच्या नकाशावर नाही.

शिक्षकाने मोबाइलवर फोटो घ्यायला खिसा चाचपला, तेवढ्यात एक मुलगा पंक्चर स्कूटर ढकलत आला. मिस्त्री उठले, कुलूप पुन्हा काढलं, घमेलं पुढे ओढलं. त्यातलं पाणी हिंदकळून उंबराच्या झाडापर्यंत गेलं. "डावीकडेच ना?" शिक्षकाने विचारलं. "डावीकडं," मिस्त्री टायर उचकटत म्हणाले, "पण शिमग्याच्या आत जा. नंतर गवत जाळत्यात."