तेवीस प्रश्न

सकाळी ८.३०
ओपीडी सुरू व्हायच्या आधी फॉर्मचे गठ्ठे लावून घेते. ५ ते ७, ८ ते १२, १३ ते १८ अशा वयांचे वेगवेगळे. प्रत्येक वयाला एक फॉर्म मुलाचा, एक पालकांचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स वार्नी यांनी तयार केलेली ही ‘पेड्सक्यूएल’ प्रश्नावली. एकूण प्रश्न २३ : शरीराचे ८; मनाचे, सवंगड्यांचे आणि शाळेचे प्रत्येकी ५. वारंवार भोवळ येणाऱ्या मुलांकडून ती भरून घेणं हे माझं काम.

९.३०
साताऱ्याकडून पहाटेच्या एसटीनं आलेल्या मायलेकी. मुलगी १२ वर्षांची, सातवीतली. चार महिन्यांत तीनदा प्रार्थनेला उभी असताना कोसळली. कुणी कांदा हुंगवला, कुणी फिट आली म्हणालं. तेव्हापासून वर्गात तिचं नाव पडलं, ‘फिटवाली’.

१०.१५
आधी आडवं झोपवून नाडी आणि बीपी, मग १० मिनिटं उभं ठेवून पुन्हा. त्यानंतर ईसीजी. पळता-खेळताना कधी शुद्ध हरपली का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, हे डॉक्टर मॅडम खोदून विचारतात. तसं असेल तर हृदयाच्या ठोक्यांचा दोष शोधावा लागतो. इथे तसं काही नाही. बराच वेळ उभं राहिल्यावर रक्त पायांत साचतं, मग ठोके मंदावतात, बीपी उतरतं, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि मूल कोसळतं. आडवं झालं की लवकरच शुद्धीवर येतं.
‘‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, घाबरू नका,’’ मॅडम म्हणाल्या. आईचा जीव भांड्यात पडला. मुलगी मात्र खालीच बघत होती.

११.००
आई बाहेरच्या बाकावर, मुलगी माझ्या टेबलाशी. हा नियम मी मोडत नाही. आई शेजारी असली की मूल उत्तराआधी तिच्या तोंडाकडे बघतं.
गेल्या महिन्याभरातलंच विचारायचं. उत्तरं पाच, ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंत. बरोबरीच्या मुलांना तुझ्याशी मैत्री करायची नसते, असं होतं का? तिची पेन्सिल थांबली. ‘कधीकधी’वर गोल केला, खोडला, कागद जरा फाटला. मग ‘जवळजवळ नेहमी’वर केला.
‘‘ताई, खो-खोतून काढलं मला. सर म्हणाले, पडलीस तर जबाबदारी कुणाची?’’

१२.३०
गुण मांडले. ‘कधीच नाही’ला १००, मग ७५, ५०, २५ आणि ‘जवळजवळ नेहमी’ला ०, त्यांची सरासरी. सवंगड्यांच्या भागात आईच्या फॉर्मवर ७५ आले, मुलीच्या फॉर्मवर ३०. आई खोटं बोलली नव्हती. ‘आईला टेन्शन नको’ म्हणून लेक घरी काही सांगतच नव्हती.

दुपारी २.००
उपाय साधे : भरपूर पाणी, ताक, मॅडमनी सांगितलं तेवढं मीठ. डोळ्यांपुढे अंधारी आली की लाज न बाळगता खाली बसायचं, जमलं तर आडवं होऊन पाय वर घ्यायचे.
‘‘शाळेत बाटली नेतेस ना?’’
‘‘नेते. पीत नाही.’’
‘‘का गं?’’
‘‘तिथल्या बाथरूमला कडी नाही.’’
सकाळपासून शाळा सुटेपर्यंत पाण्याचा घोट नाही! २३ प्रश्नांत हा प्रश्न कुठेच नाही. पण त्या प्रश्नांच्या निमित्तानं ती बोलती झाली, म्हणून तो कळला.

३.३०
शाळेला पत्र. मॅडमनी मजकूर सांगितला, मी लिहून घेतला : ही फिट नाही. अंधारी आल्यास बसू द्यावे. वर्गात पाणी पिऊ द्यावे. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी बसवावी. खो-खो खेळू द्यावा. शेवटचं वाक्य मुलीनं दोनदा वाचलं.

५.००
फाइल बंद करण्याआधी ‘ईसीजी : नॉर्मल’ याच्या खाली मी ३० हा आकडा ठळक लिहिला. तीन महिन्यांनी मायलेकी येतील तेव्हा पुन्हा ईसीजी लागेलच असं नाही. हा आकडा मात्र पुन्हा काढायचा आहे, आणि तोही तिलाच विचारून.