शह ते चेक : एका इंग्रजी शब्दाची कुळकथा

मराठीत 'करणे' जोडून सर्रास वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दांत 'चेक' बहुधा सर्वांत पुढे असेल. आपण निरोप चेक करतो, गॅस बंद आहे का ते चेक करतो, उत्तरपत्रिकाही चेक करतो. घरात चेकबुक असते, अंगात चेक्सचा शर्ट असतो आणि राज्याची हद्द ओलांडताना चेकनाका लागतो. इतक्या निरनिराळ्या वस्तूंना आणि क्रियांना एकच शब्द कसा, असे वर्गात कोणी विचारत नाही. ओळखीच्या शब्दाचे नवल वाटत नाही. भाषांतराच्या तासाला मात्र हाच शब्द हमखास दगा देतो. इंग्रजीत 'चेक'चा एक जुना आणि आजही जिवंत असलेला अर्थ 'रोखणे' असा आहे, आणि आमचे विद्यार्थी सगळीकडे 'तपासणे' लिहून मोकळे होतात. 'आग वाऱ्यामुळे चेक करता आली नाही' या अर्थाच्या वाक्याचे 'वाऱ्यामुळे आग तपासता आली नाही' असे भाषांतर मी एकदा नव्हे, अनेकदा वाचले आहे.

उत्तरपत्रिकेत ही गंमत म्हणून सोडून देता येते. परंतु प्रथमोपचाराच्या एका भाषांतरित पुस्तिकेत 'जखमेचा रक्तस्राव तपासावा' अशी सूचना माझ्या वाचनात आली, तेव्हा हसू आले नाही. तिथे रक्त थांबवायला सांगायचे होते.

रोखणे आणि तपासणे हे दोन अर्थ एका शब्दात कसे आले, याचे उत्तर बुद्धिबळाच्या पटावर आहे. आपल्याकडचे चतुरंग इराणात गेले, तिथे ते 'चत्रंग' झाले आणि अरबांकडे 'शत्रंज'. प्रतिपक्षाचा राजा माऱ्यात आला की खेळाडूने 'शाह!' असे म्हणून सावध करायचे, असा प्रघात होता. 'शाह' म्हणजे राजा. त्याचे जुने रूप 'क्षायथिय' हे दार्यवहूच्या बेहिस्तून येथील शिलालेखात आढळते. आपले 'क्षत्र' आणि 'क्षत्रिय' हे शब्द त्याच्याच गोतातले. इसवी सन १००० च्या सुमारास हा खेळ अरबांकडून युरोपात पोचला. 'शाह'च्या अखेरच्या 'ह'चा युरोपीय जिभांवर 'क' झाला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'स्काकुस', जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' आणि इंग्रजीत 'चेक' अशी ही वाट आहे. फ्रेंचमधल्या त्याच शब्दाच्या अनेकवचनी रूपातून इंग्रजीला खेळाचे नाव मिळाले : 'चेस'. म्हणजे चेक आणि चेस हे एकाच शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन आहेत.

'चेकमेट' हे तर सरळसरळ 'शाह मात'. याचा अर्थ 'राजा मेला' असा सांगण्याची रूढी आहे, कारण अरबीत 'मात' म्हणजे मेला. पण पटावरचा राजा कधी मारला जात नाही, तो कोंडला जातो. फारसीतल्या 'मात'चा 'हतबल, निरुपाय झालेला' हा अर्थ खेळाला अधिक जुळतो आणि मला तोच पटतो.

मराठी वाचकाच्या ध्यानात एव्हाना आले असेल की हा शब्द आपल्या घरी आधीच आहे. 'शह' तो हाच. दख्खनच्या दरबारी फारसीतून तो मराठीत आला, 'बादशहा'त बसला आणि पटावरही राहिला. खेळाचे नाव आपण 'बुद्धिबळ' असे स्वतःचे ठेवले, पण शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द फारसीतलेच राहू दिले. पुढे ते पटावरून उतरून बोलण्यात आले. राजकारणात शह-काटशह चालतात, माणूस संकटावर मात करतो. त्यानंतर कित्येक पिढ्यांनी तोच शब्द युरोपाला वळसा घालून इंग्रजीच्या दाराने 'चेक' होऊन आला आणि आपण त्याला ओळखले नाही.

इंग्रजीतही तो पटावर फार काळ थांबला नाही. चौदाव्या शतकात चॉसरने 'द बुक ऑफ द डचेस' हे काव्य लिहिले. त्यात काळ्या वेशातला एक सरदार आपण दैवाशी बुद्धिबळ खेळलो आणि 'फर्स' गमावून हरलो असे सांगतो. 'फर्स' म्हणजे फारसी 'फर्जीन', आपला वजीर. युरोपात त्याची राणी झालेली असल्यामुळे तो पत्नीच्या मृत्यूविषयी बोलत आहे हे वाचकाला कळते. दैव शह देते, ही कल्पना इथे पूर्ण रुजलेली दिसते. शह बसला की राजाला हवी ती चाल करता येत नाही, म्हणून 'चेक'ला अडथळा, लगाम, वेग तोडणे हे अर्थ आले. सत्तेच्या विभागणीविषयी अमेरिकी राज्यघटनेच्या संदर्भात ज्या 'चेक्स अँड बॅलन्सेस'चा उल्लेख होतो, त्यातला चेक हाच. त्याचे 'तपासण्या आणि समतोल' असे भाषांतर चुकीचे आहे. 'परस्परनियंत्रण' म्हटले तर अर्थ पोचतो.

आता दुसरी शाखा, आणि मला ती अधिक मनोरंजक वाटते. पटाला लॅटिनमध्ये 'स्काकारियुम' म्हणत. इंग्लंडच्या राजाच्या जमाखर्चाची छाननी ज्या मेजावर होई, त्यालाही हेच नाव पडले. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने बाराव्या शतकात या कचेरीचे वर्णन गुरुशिष्य-संवादाच्या रूपाने लिहून ठेवले आहे. मेज सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद. कडेला चार बोटे उंचीची पट्टी, म्हणजे वरचे काही घरंगळू नये. त्यावर रेघांनी आखलेले काळे कापड पसरत. रोमन अंकांत बेरीज-वजाबाकी म्हणजे डोकेदुखी. म्हणून पेनी, शिलिंग, पौंड यांचे स्तंभ धरून त्यांत सोंगट्या मांडत आणि सरकवत. प्रांतोप्रांतीचे शेरीफ येऊन वसुलाचा हिशेब देत. हे मेज पटासारखे दिसते, एवढेच सांगून फिट्झनील थांबत नाही. पटावर दोन राजे झुंजतात, तसे इथे खजिनदार आणि शेरीफ झुंजतात, असेही तो सुचवतो. वार्षिक लेखापरीक्षणाला सामोऱ्या गेलेल्या कोणत्याही प्राचार्यांना हे पटेल. 'एक्सचेकर' हा शब्द या मेजावरून आला आणि ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात तो अजून आहे.

मूळ 'चेक'मध्ये 'पडताळणे' हा अर्थ इंग्रजीत बराच उशिरा, सतराव्या शतकाच्या अखेरीस स्थिरावला. चुकीला किंवा लबाडीला अटकाव करायचा तर एका नोंदीशी दुसरी ताडून पाहायची. अटकावाचे साधन ते तपासणीचे साधन झाले. 'कंट्रोल' या शब्दाचा प्रवास याच्या नेमका उलट आहे. तो मूळचा 'प्रतिनोंदवही', म्हणजे पडताळ्यासाठी ठेवलेली दुसरी प्रत. तपासणीपासून निघून तो नियंत्रणापर्यंत गेला; चेक नियंत्रणापासून निघून तपासणीपर्यंत आला.

बँकेचा चेकही या पडताळ्यातूनच निघाला. अठराव्या शतकाच्या आरंभी 'चेक' म्हणत ते लेखी आदेशाच्या स्थळप्रतीला, जिच्याशी मूळ कागद ताडून बनावट ओळखता येई. पुढे नाव कागदालाच चिकटले. 'एक्सचेकर'च्या प्रभावाने ब्रिटिशांनी त्याचे वर्णलेखन बदलले. अमेरिकेने साधेच ठेवले. आपल्याकडे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात त्याची व्याख्या आहे. मराठीने 'धनादेश' हा शब्द घडवला. तो अर्थवाही आहे, कागदोपत्री चांगला शोभतो, पण बोलण्यात चेकच टिकला याचे मला दुःख नाही, कारण त्यासोबतचे क्रियापद आपण सोडले नाही. हुंडी वटते, तसाच चेक वटतो.

कापडावरचे चेक्स म्हणजे पटाची घरे, यापेक्षा त्यात जास्त काही नाही. आपला शब्द चौकडी.

देवनागरीत आणखी एक घोटाळा होतो. तपासणीचा चेक, बँकेचा चेक आणि चेक प्रजासत्ताकातला चेक हे तिन्ही आपण एकसारखे लिहितो. तिसऱ्याचा या कुळाशी काही संबंध नाही.

'चेक करणे' मराठीत आले याला माझा विरोध नाही. काळजी आहे ती त्याने काय काय बाजूला सारले याची. डॉक्टर नाडी पाहतात, शिक्षक उत्तरपत्रिका तपासतात, बँकेत सही पडताळतात, हिशेबाचा ताळा घेतात, बातमीची खातरजमा करतात. सोने कसाला लावतात. भाताचे शीत दाबून पाहतात, अंधारात किल्ली चाचपतात. या प्रत्येक क्रियेत हात, डोळा आणि संशय यांचे प्रमाण वेगळे आहे. ते शब्दातच सांगितलेले असते. 'चेक केले' म्हटल्यावर एवढेच कळते की काहीतरी पाहिले.

म्हणून भाषांतराच्या तासाला मी विद्यार्थ्यांना शब्दकोश उघडण्याआधी वाक्याचा कर्ता आणि कर्म बघायला सांगतो. ज्याला चेक करायचे ते वाढणारे, पसरणारे, धावणारे असेल (महागाई, आग, साथ, पूर, रक्त), तर पटावरचा जुना अर्थ आधी लावून पाहावा : रोखणे, आवरणे, आळा घालणे, शह देणे. ते स्थिर असेल, कागद, यंत्र, नोंद, तर पडताळ्याचा अर्थ बहुधा लागतो. चेकनाक्यावर मात्र दोन्ही लागतात. गाडी आधी अडवतात, कागद मग पाहतात. 'अनचेक्ड' या विशेषणाला हीच कसोटी लावावी. 'अनचेक्ड' सामान म्हणजे न तपासलेले सामान, पण 'अनचेक्ड' सत्ता म्हणजे निरंकुश सत्ता. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने या दुसऱ्या ठिकाणी 'बेलगाम' असे लिहिले. मी तिला पूर्ण गुण दिले.